चार सूत माया

जमीन उठली ती मंगळवारी सकाळी, आणि तिनं शिंपीमास्तरांना पाडलं.

जमीन उठली म्हटलं की ऐकणाऱ्याला भूकंप आठवतो. पण ज्यांनी आयुष्यात एकदा तरी जमिनीवर लाकडासारख्या दिसणाऱ्या लॅमिनेटच्या पट्ट्या घातल्या आहेत, त्यांना हे दोन शब्द भूकंपाहून भयंकर वाटतात. काल सपाट असलेली जमीन आज मधोमध तंबूसारखी वर येते. पाय ठेवला की दबते, पाय उचलला की पुन्हा फुगते. ज्यानं ती घातली त्याचं नाव त्या फुगवट्यावर कोरल्यासारखं सगळ्यांना दिसतं.

ही जमीन सूतबाईनं घातली होती.

जागा होती चालायला शिकवणाऱ्या केंद्राची. अर्धांगवायू झालेले, हाड मोडून जोडलेले, महिनोन्‌महिने अंथरुणात काढलेले लोक तिथे येऊन पुन्हा पहिलं पाऊल टाकायचे. चाळीस फूट लांब हॉल. एका टोकाला रुंद दार, दुसऱ्या टोकाला धरून चालायच्या दोन समांतर लोखंडी दांड्या. शिंपीमास्तर सत्तरीचे. डावं अंग गेलेलं. चाकाच्या खुर्चीतून काठीवर यायला त्यांना तीन महिने लागले होते, आणि त्या मंगळवारी ते काठीशिवाय अकरा पावलं चालले. बारावं पाऊल फुगवट्याला अडलं. पडताना त्यांनी चांगला हात टेकवला आणि तोच मनगटात मोडला.

सूतबाईला फोन आला तो ठेकेदाराचा.

"तुमची जमीन उठली," तो म्हणाला. "म्हातारा पडला. आता बोला."

तीन महिन्यांपूर्वी केंद्राच्या डॉक्टरीणबाई त्या जमिनीवरून हात फिरवून "काय सुरेख झालंय" म्हणाल्या होत्या, तेव्हा हाच माणूस शेजारी उभा राहून "आमची कामं अशीच असतात" म्हणाला होता. तेव्हा जमीन आमची होती. उठल्यावर ती तुमची झाली.

"कुणी हात लावू नका तिला," सूतबाई म्हणाली. "मी येऊन उघडते."

"उघडायचं काय त्यात? दिसतंय की."

"दिसतंय ते उठलेलं. का उठलं ते खाली आहे."

सूतबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. तिचे सासरे सुतार. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी त्यांचे गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा ती आधी नुसती त्यांची हत्यारांची पिशवी उचलायला जाऊ लागली, मग टेपचं दुसरं टोक धरायला, मग वाकून काम करायला. सासरे साइटवर तिला "सूनबाई, गुणिया दे", "सूनबाई, करवत दे" अशा हाका मारायचे. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. बाकीचे कारागीर तेवढं वाऱ्यावर सोडून देतात. ही एक सूत इकडचं तिकडे झालं तरी अख्खी ओळ उचकटायची. कुणीतरी गमतीनं सूनबाईचं सूतबाई केलं आणि ते तिला चिकटलं, याला आता पंधरा वर्षं झाली होती. सासरे घरी बसले होते आणि पिशवी तिची झाली होती.

ठेकेदारालाही नाव होतं, पण त्याच्या माघारी सगळे त्याला उरकशेठ म्हणत. 'उरका' हा त्याचा एकच मंत्र. रंगारी असो, फिटर असो, सुतार असो, तो मागे उभा राहून म्हणायचा, "उरका, उरका." लोक म्हणत, हा जन्मला तेव्हा सुइणीलाही घाई करत आला असेल.

त्या संध्याकाळी ती घरी आली तेव्हा सासरे खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. तिनं सगळं सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

"कुठं उठली?"

"दारापासून पंधरा फुटांवर. आडवी. सहा फूट रुंद असेल."

"भिंतीकडे?"

"नाही. बरोबर मधे."

"कोब्याला ओल होती?"

दुखती जागा तीच होती. तो हॉल पूर्वी धोबीखाना होता. जुन्या मोऱ्या बुजवून त्यावर नवा कोबा केला होता. तिनं काम सुरू करण्याआधी त्यावर हातभर प्लॅस्टिक चारी बाजूंनी चिकटवून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी बघितलं, तर आतून भांड्यावरच्या झाकणासारखे थेंब. तिनं उरकशेठला दाखवलं. त्यानं खिशातून रुमाल काढला, थेंब पुसले आणि म्हणाला, "हे बघा, गेली ओल."

तिनं त्याच्याकडून भांडून एक आठवडा मिळवला होता. नंतर सगळ्या कोब्यावर जाड प्लॅस्टिक अंथरलं, एकावर एक वीतभर चढवून चिकटपट्टी मारली. पण पट्ट्यांचे खोके आल्यावर ती हरली. पट्ट्या गोदामातून आल्या की दोन दिवस त्याच खोलीत नुसत्या पडू द्यायच्या असतात. तिथली हवा निराळी, इथली निराळी. पाहुणा आल्या आल्या त्याला कोणी पाणी भरायला लावत नाही. उरकशेठनं दोन दिवसांच्या जागी एक रात्र दिली. "तुम्ही पट्ट्या घालायला आलात की त्यांना झोपवायला?" असं तो चार माणसांत म्हणाला, ते हसले, आणि ती वाकून कामाला लागली. तिला त्या हसण्यापेक्षा स्वतःच्या वाकण्याचा जास्त राग होता.

"ओलच असेल बाबा," ती म्हणाली. "मी तेव्हा पाय रोवायला हवे होते."

"उघडल्याशिवाय काही बोलू नकोस," सासरे म्हणाले. "लॅमिनेट रुसतं, आणि रुसलेल्यानं कारण सांगेपर्यंत आपण अंदाज करायचे नसतात. पातळ व्हिनाइलचं बरं, ते चुगलखोर असतं. खाली वाळूचा एक कण राहिला तरी वर येऊन सांगतं. केंद्राच्या न्हाणीघरात ते घातलंस त्याचं काय?"

"ते ठीक आहे. तळहातानं पुसून घेतलं होतं सगळं."

"मग निम्मं काम तर बोलत नाहीये," ते म्हणाले. "उरलेलं उघड."

दुसऱ्या दिवशी दुपारी उरकशेठ घरी आला. आजवर तो कधी तिच्या घरी आला नव्हता. तो खुर्चीवर टेकला, चहा नको म्हणाला, मग घेतला.

"मी विचार केला," तो म्हणाला. "तुम्हीच म्हणत होता ना, ओल आहे म्हणून. तेच सांगू. ओल वर आली. जुनी इमारत, धोबीखाना, कुणाचाच इलाज नाही. ओलीला कुणी मालक नसतो. तुमचं नाव खराब नाही, माझं नाव खराब नाही. मी त्यावर नवीन पट्ट्या टाकून देतो. विषय संपला."

"आणि उघडायचं नाही?"

"कशाला उघडायचं? उठलेला भाग कापू, दाबू, जोडू. अर्ध्या दिवसाचं काम. उरकून टाकू."

तिला हे ऐकून बरं वाटलं, हे तिनं पुढे स्वतःच कबूल केलं. क्षणभर खांद्यावरून ओझं उतरल्यासारखं झालं. ओल तर तिलाही खरीच वाटत होती. नुसती मान हलवायची होती. पण मग तिच्या लक्षात आलं, की ज्या माणसानं ओल रुमालानं पुसून नाही म्हटली, तोच आज ओल आहे म्हणून सांगायला चालत आला होता.

"सगळ्यांसमोर उघडायची," ती म्हणाली. "शुक्रवारी. डॉक्टरीणबाई असतील, मास्तर यायला तयार असतील तर तेही. जे निघेल ते निघेल."

"तुमचं काही निघालं तर?"

"तर माझं निघेल."

उरकशेठनं कप खाली ठेवला. "बघ बाई," तो म्हणाला, आणि पंधरा वर्षांत पहिल्यांदा त्याच्या तोंडून अहो-जाहो गळून पडलं. "या गावात जमिनी घालणारे ढीगभर आहेत. तुला काम मी देतो. हे विसरू नकोस."

आतल्या खिडकीपाशी बसलेले सासरे न वळता म्हणाले, "काम ती करते. तुम्ही नुसता पत्ता देता."

तो निघून गेला. तासाभरानं डॉक्टरीणबाईंचा फोन आला. ठेकेदारानं त्यांना सांगितलं होतं, की बाईचं काम कच्चं आहे, सांधे नीट बसलेले नाहीत.

"खरं आहे का ताई?" त्यांनी विचारलं. आवाजात राग होता, पण ऐकून घ्यायची तयारीही होती.

"माहीत नाही," सूतबाई म्हणाली. "शुक्रवारी दोघींना कळेल."

शुक्रवारी हॉलमध्ये आठ-दहा माणसं होती. डॉक्टरीणबाई हाताची घडी घालून उभ्या. रुग्ण भिंतीकडेच्या खुर्च्यांवर. शिंपीमास्तर पुढच्याच खुर्चीत, उजवा हात प्लास्टरमध्ये गळ्यात बांधलेला, डावा मांडीवर पडलेला. दोन्ही हात गेलेला शिंपी. सूतबाईनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि गुडघ्यांना पॅड बांधले. उरकशेठ दारात उभा होता, मोबाईलकडे बघत.

तिनं खिडकीकडच्या लांब भिंतीपासून सुरुवात केली. भिंतीच्या पायथ्याची स्कर्टिंगची पट्टी पटाशीनं अलगद सोडवली. तिच्यामागे भिंत आणि जमीन यांत फट असायला हवी होती. फट नव्हती. पांढरी पुट्टी ठासून भरलेली, दगडासारखी घट्ट.

"इथे मी चार सूत जागा सोडली होती," ती म्हणाली. "अर्धा इंच. लॅमिनेट हवेतला दमटपणा घेतं आणि थोडं वाढतं, कोरड्या हवेत आखडतं. त्याला श्वास घ्यायला जागा लागते. मी गेल्यावर कुणीतरी ती बुजवली."

"रंगाऱ्यानं भरली असेल," उरकशेठ मोबाईलमधून मान न काढता म्हणाला. "फट दिसत होती."

"फट दिसू नये म्हणूनच तर पट्टी मारली होती."

मग ती फुगवट्याकडे गेली. एकेक पट्टी तिरकी करून खाचेतून सोडवली, क्रमानं भिंतीशी लावून ठेवली. खालचा फोम उचलला. त्याच्याखाली प्लॅस्टिक. तिनं ते दाबून पाहिलं, मग सोडवलेल्या पट्ट्यांची उलटी बाजू चाचपली. कोरडी. खडखडीत कोरडी. तिनं अंथरलेलं प्लॅस्टिक चोख काम करत होतं.

तिला स्वतःलाच हे अपेक्षित नव्हतं. पण तिनं पट्टी उचलून सगळ्यांना दाखवली.

"मला वाटलं होतं ओल असेल. ओल नाहीये. माझा अंदाज चुकला."

"झालं," उरकशेठ पुढे आला. "ओल नाही, म्हणजे काम कच्चं."

ती उठली आणि हॉलच्या दुसऱ्या टोकाला गेली. समांतर दांड्यांच्या पायाशी चार-चार जाडजूड बोल्ट. ते पट्ट्यांच्या आरपार जाऊन खालच्या कोब्यात रुतलेले होते.

"या दांड्या माझ्यानंतर बसवल्या. बोल्ट बसवायचे होते तर पट्ट्यांत मोठं भोक करून, पाय कोब्यावर ठेवून, भोवती जागा सोडून बसवायचे. हे पट्ट्यांतून ठोकलेत. आठ ठिकाणी जमीन खाली खिळली आहे. हे टोक हलूच शकत नाही."

डॉक्टरीणबाई वाकून बघत होत्या. त्यांचं आयुष्य सांध्यांत गेलं होतं, लाकडाच्या नसले तरी माणसाच्या. त्या म्हणाल्या, "पण ताई, हे टोक खिळलं असलं तरी दुसरं टोक मोकळं आहे ना? तिकडे सरकली असती. वर का उठली?"

प्रश्न साधा होता. सूतबाईनं मान वळवून दाराकडे पाहिलं, आणि तिची नजर उंबऱ्यावर अडली.

दाराला सहा फुटी दगडी उंबरा होता. चाकाच्या खुर्च्या जाव्यात म्हणून जमिनीच्या बरोबरीचा. कामाच्या शेवटच्या दिवशी उंबऱ्याशी फट सोडून वर धातूची पट्टी बसवायची होती. पट्टी आली नव्हती. उरकशेठ मागे उभा राहून "उरका" म्हणत होता. उघडी फट ठेवली तर खुर्चीचं चाक त्यात अडकलं असतं. तेव्हा तिनं पट्ट्या मोजून, घासून, दगडाला अशा भिडवल्या की मधे कागद जाणार नाही. तिच्या हातचं सगळ्यात देखणं काम ते होतं. डॉक्टरीणबाईंनी हात फिरवून सुरेख म्हटलं होतं, ते नेमकं तिथेच.

फुगवटा सहा फूट रुंद होता. उंबराही सहा फूट.

पुट्टीचं उत्तर तिच्या तोंडात तयार होतं. भिंतीची फट बुजवली, म्हणून उठली. बाजूच्या भिंतीमुळे जमीन अशी आडवी उठत नाही, हे कुणाला कळणार होतं? उरकशेठलाही कळलं नसतं. त्यानं आयुष्यात एक पट्टी घातली नव्हती.

"दोन्ही टोकं बंद आहेत," ती म्हणाली. "इकडे बोल्ट, तिकडे उंबरा. उंबऱ्याशी मी फट सोडायला हवी होती. सोडली नाही. एक जरी टोक मोकळं असतं तरी जमीन उठली नसती."

हॉलमध्ये कुणीतरी खोकलं. उरकशेठच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पसरला.

"ऐकलंत ना डॉक्टर? स्वतःच्या तोंडानं सांगतेय. मी काय म्हणत होतो?"

"ऐकू द्या की सगळ्यांना," सूतबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण ती आता त्याच्यासमोर जाऊन उभी होती. "इथे तीन चुका आहेत. पुट्टी, बोल्ट आणि उंबरा. उंबऱ्याची माझी, ती मी सांगितली. उरलेल्या दोन कुणाच्या, ते तुम्ही सांगा. तुमच्या तोंडानं."

"माझी माणसं..."

"तुमच्या माणसांना कोणी सांगितलं होतं?"

तो मोबाईलकडे बघू लागला. फोन वाजला नव्हता.

ती मास्तरांसमोर येऊन गुडघ्यावर बसली. "मास्तर, तुमचा हात मोडला त्यात माझाही वाटा आहे."

शिंपीमास्तर बोलताना अजून अडखळत. शब्द एकेक करून दोऱ्यात ओवल्यासारखे यायचे. "किती... सोडायला हवं होतं?"

"चार सूत."

"अर्धा इंच," ते म्हणाले. "आम्ही शिवणीत तेवढीच माया सोडतो. माणूस अंगानं भरला तर कपडा उसवून मोठा करता यावा म्हणून. जो शिंपी माया सोडत नाही, त्याचा कपडा काखेत फाटतो." त्यांनी उघड्या कोब्याकडे मान हलवली. "ही काखेत फाटली."

मागच्या खुर्चीवरचं कुणीतरी हसलं. मास्तर हसले नाहीत.

"राग आहे मला," ते म्हणाले. "मोप आहे. पण वाटून देईन. एक वाटा तुला. दोन वाटे त्यांना."

डॉक्टरीणबाईंनी हाताची घडी सोडली. "ताई, पुन्हा घालायची तर तुम्हीच घालाल?"

"हे काम माझ्या करारात आहे," उरकशेठ म्हणाला. "माझ्याशिवाय इथे कुणी..."

"दार रुंद आहे," डॉक्टरीणबाई त्याला म्हणाल्या. "जाताना त्रास होणार नाही."

त्या संध्याकाळी सूतबाईनं सासऱ्यांना सगळं सांगितलं. उंबऱ्याचंही. ते खिडकीबाहेर बघत ऐकत होते. तिला वाटलं, आता ऐकावं लागणार. पंधरा वर्षं शिकवून सून उंबऱ्याशी चुकली.

"मी असतो तर सांगितलं नसतं," ते शेवटी म्हणाले.

तिनं चमकून पाहिलं.

"माझ्या अशा दोन आहेत. एक जिना आणि एक माळा. कुठे आहेत ते विचारू नकोस. दोन्ही घरांवरून जायचं टाळतो मी अजून." त्यांनी गुडघा चोळला. "तू त्या रस्त्यानं ताठ मानेनं जाशील. जा."

नवरा ताटं मांडत होता. तो म्हणाला, "म्हणजे आता उरकशेठचं काम बंद."

"बंद," ती म्हणाली.

"बरं झालं. फोनवर त्याचं 'उरका' ऐकून मला भरभर जेवायची सवय लागली होती."

पुढच्या आठवड्यात तिनं ती जमीन पुन्हा घातली. चौदा पट्ट्यांच्या कडा फुटल्या होत्या, त्यांच्या जागी नव्या आल्या. खोके हॉलमध्ये आडवे ठेवून ती निघाली, तेव्हा डॉक्टरीणबाई आडव्या आल्या.

"ताई, उद्याच सुरू करा ना. माणसं घरी बसलीत. प्रत्येक दिवस त्यांच्या पायांतून जातो."

आता ही उरकशेठची घाई नव्हती. यात कळकळ होती, म्हणून नाही म्हणायला जास्त जड गेलं. "परवा," सूतबाई म्हणाली.

"एक दिवसानं काय बिघडतं?"

"मागच्या वेळी मी हेच मानलं होतं. मास्तरांचं हाड जुळायच्या आधी एक दिवस लवकर प्लास्टर काढाल का तुम्ही?"

डॉक्टरीणबाई रागावल्या. ते चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. पण त्या बाजूला झाल्या.

परवा तिनं सुरुवात केली. भिंतीकडे लाकडी पाचरी लावून चार सूत जागा राखली, सांधे भिंतीतल्या विटांसारखे मागेपुढे केले, उंबऱ्याशी या वेळी फट सोडून स्वतः विकत आणलेली धातूची पट्टी बसवली. दांड्या बसवायला फिटर आला, तेव्हा तो भोकं बघून वैतागला.

"एवढी मोठी? बोल्ट एवढासा आहे."

"बोल्टसाठी नाहीत. जमिनीसाठी आहेत."

"झाकल्यावर कोण बघणार आहे?"

"तीच बघेल," सूतबाई म्हणाली, आणि त्याचा ड्रिल बंद होईपर्यंत भोकाशेजारून हलली नाही. त्यानं आठही बोल्ट तिच्या मापानं बसवले, एकदाही तिच्याशी न बोलता.

मास्तरांचं प्लास्टर दीड महिन्यानं निघालं. ते परत चालायला आले तेव्हा सूतबाईला कुणी बोलावलं नव्हतं. तिला ते मागाहून कळलं. पहिल्या दिवशी ते म्हणे पाऊल टाकायच्या आधी खुर्चीतून वाकून डाव्या हाताच्या बोटानं स्कर्टिंगच्या कडेवर टकटक करून बघत होते. डावा हात एवढा उचललेला डॉक्टरीणबाईंनी त्याआधी पाहिला नव्हता.

उरकशेठनं आपलं काम चोख केलं. गावभर त्यानं सांगितलं, की बाईनं स्वतःच्या तोंडानं चूक कबूल केली. खोटं तर नव्हतं. दोन महिने तिला फोन आला नाही. शेजारणीच्या स्वयंपाकघरात तिनं व्हिनाइल घातलं, मावसबहिणीचं दार घासून दिलं, हत्यारांना तेलपाणी केलं. कधी कधी तिला वाटायचं, पुट्टीवर सगळं ढकललं असतं तर आज कामावर असते. असं वाटलं की ती उठून पटाशीला धार लावायची. पटाशी इतकी धारदार झाली, की सासरे म्हणाले, आता पेन्सिल तासायला दे.

मग एका शाळेच्या मुख्याध्यापिकेचा फोन आला. वाचनालयाच्या दोन खोल्यांत लॅमिनेट घालायचं होतं.

"तुमच्याबद्दल ऐकलं," त्या म्हणाल्या. "तुम्ही चूक कबूल करता म्हणे."

"केली एकदा."

"मग तुम्हीच या. आमच्याकडे आजवर आलेल्यांपैकी कुणाचीच कधी चूक झालेली नाही, आणि छत गळतंय."

वाचनालयाच्या रंगाचं काम कुणाला दिलंय, हे तिथे गेल्यावर कळलं. दाराशी उरकशेठ उभा होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. टेम्पोतून खोके उतरले, तिनं ते दोन्ही खोल्यांत आडवे मांडून ठेवले. नंतर तिनं पिशवीतून दोन कुलपं काढली आणि दोन्ही दारांना लावली.

"हे काय?" उरकशेठनं विचारलं. "मला कडांना पुट्टी मारायचीय."

"परवा."

"उद्या बाईंना रंग पूर्ण हवाय."

"त्यांना मी सांगितलंय. त्यांना चालतंय."

"किल्ली दे. माझी माणसं आत नुसतं बघतील."

"तुमची माणसं नुसतं बघत नाहीत," ती म्हणाली.

तो मागे वळला. मागे त्याचे दोन रंगारी बादल्या घेऊन उभे होते आणि दोघंही मन लावून छताकडे बघत होते. सूतबाईनं किल्ल्या खिशात टाकल्या, पिशवी खांद्याला लावली आणि परवा सकाळी आठला येते असं सांगून जिना उतरली.